प्रिंट फाईलमध्ये घेतली, पण फाईल उघडेना: जुन्या कॉम्प्युटरवरची नेहमीची अडचण आणि तिचे उपाय

"सर, पट्टी कागदावर निघना गेली, फाईलमधी घेतली तर फाईल बी उघडना गेली." सोयाबीनची आवक सुरू झाली की मोंढ्यातून, म्हणजे शेतमालाच्या बाजारातून, हा फोन हमखास येतो. प्रिंटरचं हेड गेलेलं असतं किंवा रिबन संपून नवी मिळेपर्यंत खोळंबा झालेला असतो. कोणीतरी सांगतं, "तोवर प्रिंट टू फाईल करा, नंतर काढू." फाईल तयार होते, पेन ड्राइव्हवर जाते, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसते चौकोन आणि विचित्र अक्षरं.

परभणीच्या मोंढ्यात आणि वसमत, सेलू, हिंगोलीकडच्या आडतींवर विंडोज एक्सपीचे कॉम्प्युटर अजून कामाला जुंपलेले दिसतात. त्यावर फॉक्सप्रो किंवा क्लिपर या जुन्या प्रोग्रामिंग भाषांत लिहिलेलं डॉसचं (विंडोजच्या आधीच्या पद्धतीचं) हिशेबाचं पॅकेज आणि एलपीटी१ पोर्टला, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या जोडणीला, जाड केबलने जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. शेतकऱ्याची हिशेबपट्टी, खतावणी, उधारीची यादी सगळं त्यातूनच निघतं. अशा दुकानदाराला "मशीन बदला" एवढंच सांगून निघून जाणं मला पटत नाही. जुना हिशेब त्यात आहे, पॅकेज लिहून देणारा माणूस आता सापडत नाही आणि जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. प्रिंट नीट फाईलमध्ये घेता आली, तर हेच मशीन आणखी काही हंगाम इमानेइतबारे काम देतं.

एक सूचना आधीच. खाली आज्ञा आणि फाईलची नावं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर ती रोमन अक्षरांत टाइप करायची.

मूळ घोळ कुठे आहे

"प्रिंट टू फाईल" केल्यावर जी पीआरएन फाईल तयार होते, तिच्यात पट्टी नसते. तिच्यात प्रिंटरला दिलेले हुकूम असतात: हेड इथे आण, अक्षर बारीक कर, एवढे ठिपके मार, कागद पुढे ढकल. हे हुकूम ज्या ड्रायव्हरने, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामने, लिहिले, त्या जातीच्या प्रिंटरलाच ते कळतात. म्हणून फाईल घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: ही फाईल पुढे कशासाठी हवी? त्याच प्रिंटरवर नंतर कागद काढायला, की स्क्रीनवर वाचायला आणि शेतकऱ्याच्या, सीएच्या व्हॉट्सॲपवर पाठवायला? दोन्हींचे रस्ते पहिल्या पायरीपासूनच वेगळे आहेत. फाईल होऊन गेल्यावर तिचं रूप बदलणं अवघड, काही वेळा अशक्य.

हातात आधीच एखादी फाईल असेल तर ती कोणत्या जातीची आहे ते ओळखा. नोटपॅडमध्ये उघडा आणि फक्त पहिली ओळ पाहा. सुरुवातीला चौकोन किंवा डावीकडचा बाण आणि त्याला चिकटून @ दिसला, तर ती एप्सन पद्धतीच्या डॉट मॅट्रिक्सची. कॉम्प्युटर प्रत्येक खूण एका आकड्याने, म्हणजे बाइटने, साठवतो; हे दोन बाइट म्हणजे २७ आणि ६४, "सगळी जुनी सेटिंग विसर आणि नव्याने सुरू कर" हा हुकूम. टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पी-एस ही अक्षरं असतील तर फाईल पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या भाषेत आहे, आणि तुमचं नशीब चांगलं आहे, कारण घोस्टस्क्रिप्ट नावाच्या मोफत प्रोग्रामने तिची पीडीएफ होते. "-१२३४५" हा आकडा आणि पुढे पीजेएल दिसलं, तर ती बहुधा एचपीच्या पद्धतीची लेझर प्रिंटरची. अगदी सुरुवातीला पी-के ही दोन अक्षरं दिसली, तर तुम्ही एक्सपीएस रायटर या विंडोजच्या आभासी प्रिंटरवर प्रिंट दिली आहे. नावाच्या शेवटचं पीआरएन बदलून एक्सपीएस केलं की ती फाईल एक्सपीएस व्ह्यूअरमध्ये उघडते. यापैकी काहीच नसेल तर बहुतेक वेळा प्रिंटर असा असतो, की ज्याचं पान कॉम्प्युटरच तयार करतो आणि त्याच्याच खाजगी भाषेत पाठवतो. कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० हे आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणारे प्रिंटर याच जातीचे. त्यांची पीआरएन त्याच मॉडेलवर परत पाठवायलाच उपयोगी, वाचायला नाही.

आणखी एक बारकावा, जो ध्यानात न आल्याने फार वेळ वाया जातो. एकाच कॉम्प्युटरवरून, एकाच डॉट मॅट्रिक्ससाठी घेतलेल्या दोन पीआरएन फाईल सारख्या नसतात. डॉसच्या पॅकेजने पाठवलेल्या प्रिंटमध्ये आकडे आणि अक्षरं जशीच्या तशी असतात, मधेमधे हुकूम पेरलेले. विंडोजमधल्या वर्ड किंवा एक्सेलमधून दिलेल्या प्रिंटमध्ये मात्र ड्रायव्हर बहुधा पूर्ण ओळीचं चित्र करून ठिपक्यांत पाठवतो. पहिल्या फाईलमधून पट्टीचा मजकूर बाहेर काढता येतो. दुसरीत मजकूर उरलेलाच नसतो.

कागद नंतर काढायचा आहे, प्रिंटर तोच आहे

हे सगळ्यात सोपं. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि टाइप करा: कॉपी, स्पेस, स्लॅश बी, स्पेस, फाईलचं नाव, स्पेस, एलपीटी१. यातला स्लॅश बी गाळू नका. तो नसला की कॉपी आज्ञा फाईलला साधा मजकूर समजते आणि २६ क्रमांकाचा बाइट दिसला की "फाईल संपली" असं धरून थांबते. ठिपक्यांच्या चित्रात २६ हा आकडा कुठेही येऊ शकतो, म्हणून अर्धी पट्टी छापून प्रिंटर गप्प बसतो आणि दोष केबलला दिला जातो. प्रिंटर यूएसबीचा असेल तर एलपीटी१ नसतंच. मग प्रिंटर शेअर करा आणि एलपीटी१ च्या जागी दोन उलटे स्लॅश, कॉम्प्युटरचं नाव, एक उलटा स्लॅश आणि शेअरचं नाव असं लिहा.

फाईल घेण्यासाठी चालू प्रिंटरचं पोर्ट कधीही बदलू नका. कोणीतरी घाईत पोर्ट "फाईल" वर ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर शेतकरी उभे, मुनीमजी प्रिंट देताहेत आणि कॉम्प्युटर नुसतं फाईलचं नाव विचारतोय. असं झालं असेल तर प्रिंटर्स अँड फॅक्सेसमध्ये जाऊन त्या प्रिंटरच्या प्रॉपर्टीज, मग पोर्ट्स, आणि तिथे खूण परत एलपीटी१ वर करा. तिथे सगळं ठीक असेल तर प्रिंटच्या चौकटीतली "प्रिंट टू फाईल" ची खूण राहून गेली आहे का ते बघा. पुन्हा असं होऊ नये म्हणून ॲड प्रिंटरमधून त्याच ड्रायव्हरचा दुसरा प्रिंटर बसवा. आपोआप शोधण्याची खूण काढा, पोर्ट "फाईल" निवडा, "आहे तोच ड्रायव्हर ठेवा" म्हणा आणि डिफॉल्ट करायचं का या प्रश्नाला नाही म्हणा. नाव असं द्या की मुनीमजींना बघताक्षणी कळेल.

वाचायचं आहे, पाठवायचं आहे

विंडोजमधला प्रोग्राम असेल तर प्रिंटच्या वाटेला जाऊच नका, थेट पीडीएफ करा. ऑफिस २००७ मध्ये सर्व्हिस पॅक २ असेल तर सेव्ह ॲजमध्येच पीडीएफ आहे. लिब्रेऑफिसची ५.४ ही आवृत्ती एक्सपीवर चालणारी शेवटची, तीही थेट पीडीएफ करते. ज्या प्रोग्राममध्ये अशी सोयच नाही, त्याच्यासाठी नावात पीएस असलेला एखादा लेझर प्रिंटर "फाईल" पोर्टवर बसवा. तो प्रिंटर प्रत्यक्षात दुकानात असायची गरज नाही. त्यावर दिलेली प्रिंट पोस्टस्क्रिप्टमध्ये जाते आणि घोस्टस्क्रिप्ट तिची पीडीएफ करून देतं.

डॉसच्या पॅकेजचं खरं काम पुढे आहे. आधी पॅकेजच्या रिपोर्टच्या मेनूत नीट बघा. स्क्रीन, प्रिंटर, फाईल असे तीन पर्याय बऱ्याच पॅकेजमध्ये असतात आणि तिसऱ्याकडे कोणी फिरकलेलं नसतं. तो असेल तर तोच वापरा. पॅकेजच्या प्रिंटर सेटअपमध्ये बारीक अक्षर, ठळक अक्षर यांचे कोड भरायच्या जागा असतात. फाईल घेताना त्या रिकाम्या ठेवल्या की मजकूर स्वच्छ येतो. फॉक्सप्रोचा मूळ प्रोग्राम हाताशी असेल आणि तो जाणणारा कोणी असेल, तर "सेट प्रिंटर टू" या आज्ञेपुढे फाईलचं नाव दिलं की एलपीटी१ ला जाणारं सगळं फाईलमध्ये पडतं. काम झाल्यावर नाव न देता तीच आज्ञा पुन्हा द्यायची, म्हणजे फाईल बंद होते. ते राहिलं तर शेवटचं पान फाईलमध्ये येत नाही.

पॅकेजमध्ये फाईलचा पर्याय नसेल तर एलपीटी१ च विंडोजकडून वळवून घ्यावा लागतो. हे एकदा करून ठेवलं की वर्षानुवर्षं चालतं, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी डी ड्राइव्हवर पट्टी नावाचा फोल्डर करा. मग ॲड प्रिंटरमध्ये पोर्ट निवडताना "नवीन पोर्ट", त्यात "लोकल पोर्ट" घ्या आणि पोर्टचं नाव म्हणून फाईलचा पूर्ण पत्ताच लिहा: डी ड्राइव्ह, पट्टी फोल्डर, आउट डॉट टीएक्सटी. ड्रायव्हर निवडताना कंपन्यांच्या यादीत "जेनेरिक" आणि त्यात "जेनेरिक टेक्स्ट ओन्ली". या प्रिंटरला डीपट्टी असं छोटं नाव देऊन तो शेअर करा. आता कमांड प्रॉम्प्टवर: नेट यूज, स्पेस, एलपीटी१, स्पेस, दोन उलटे स्लॅश, कॉम्प्युटरचं नाव, एक उलटा स्लॅश, डीपट्टी, स्पेस, स्लॅश पर्सिस्टंट, विसर्गासारखे दोन टिंब, येस. शेवटच्या भागामुळे कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी जोडणी टिकते. कॉम्प्युटरला नेटवर्कची केबलच नसेल तर नेट यूज अडून बसतं. त्यावर उपाय म्हणजे ॲड हार्डवेअरमधून मायक्रोसॉफ्ट लूपबॅक ॲडॉप्टर बसवणं, म्हणजे विंडोजला जोडणी आहे असं वाटतं. पुन्हा खऱ्या प्रिंटरवर छापायचं असेल तेव्हा नेट यूज, एलपीटी१, स्लॅश डिलीट. या दोन्ही आज्ञा दोन बॅच फाईलमध्ये (उघडताच आतल्या आज्ञा आपोआप चालवणाऱ्या फाईल) घालून डेस्कटॉपवर ठेवा, एक "फाईल", एक "कागद". मुनीमजींना आज्ञा पाठ करायला लावणं बरोबर नाही.

या पद्धतीत एक धोका आहे. पोर्टमध्ये फाईलचं नाव कायमचं ठरलेलं आहे, म्हणून दुसरी पट्टी घेतली की पहिली पुसली जाते. "कालची फाईल गायब झाली" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. प्रत्येक पट्टीनंतर आउट फाईलला तारीख-वेळेचं नाव देऊन बाजूला ठेवणारी तिसरी बॅच फाईल करा. डॉसचं पॅकेज त्या फोल्डरला हात लावणार असेल तर नाव टिंबाआधी आठ अक्षरांच्या आत ठेवा.

डॉसचं पॅकेज फाईल बंद केल्याचं कळवत नाही, त्यामुळे एक्सपी थोडा वेळ वाट पाहून मग प्रिंट पुढे सोडतं. ही मुदत मुळात १५ सेकंदांची असते. तेवढ्या वेळात फाईल उघडली तर ती शून्य बाइटची दिसते. घाई न करता थोडं थांबून बघा. पॅकेजमधून बाहेर पडलं की प्रिंट लगेच सुटते.

फाईल मिळाली, आता ती वाचण्याजोगी करायची

डॉट मॅट्रिक्सच्या रुंद कागदावर ओळीत १३२ अक्षरं बसतात, म्हणून ए४ वर ओळी मोडतात आणि वजनाचा आकडा भावाच्या खाली जातो. लिब्रेऑफिसमध्ये फाईल उघडून फॉन्ट कुरिअर न्यू, आकार ८, पान आडवं करा. या आकारात इंचाला १५ अक्षरं बसतात, म्हणजे १३२ अक्षरांना ८.८ इंच लागतात आणि आडव्या ए४ ची रुंदी ११.७ इंच आहे. ८० अक्षरांच्या पट्टीला उभं पान आणि आकार १० पुरतो. फॉन्ट मात्र प्रत्येक अक्षराला सारखी जागा देणाराच हवा. एरिअल किंवा मंगलमध्ये रकाने सरळ राहत नाहीत.

रकान्यांच्या रेघांच्या जागी विचित्र खुणा दिसल्या तर फाईल बिघडलेली नाही. डॉसच्या कोड पेज ४३७ मध्ये, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणती खूण याच्या तक्त्यात, १७९ हा बाइट म्हणजे उभी रेघ. विंडोजमध्ये तोच बाइट वर चढवलेला छोटा ३ दाखवतो. फाईल उघडताना लिब्रेऑफिसमध्ये "टेक्स्ट, चूज एन्कोडिंग" हा प्रकार निवडून डॉस ४३७ सांगितलं की रेघा जागेवर येतात. नुसतं वाचायचं असेल तर एक्सपीच्या नोटपॅडमध्ये टर्मिनल फॉन्ट लावला तरी भागतं.

आणि मराठी पॅकेज असेल तर? सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डवर (कॉम्प्युटरमध्ये बसवायचं भारतीय भाषांचं कार्ड) चालणारी जुनी पॅकेजं मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या पद्धतीने साठवतात. इस्कीमध्ये तोच १७९ बाइट म्हणजे क. एकच आकडा डॉसला रेघ, विंडोजला छोटा ३ आणि जिस्टला क. म्हणून अशा फाईलमध्ये शेतकऱ्याचं नाव, गाव वाचता येत नाही, आकडे मात्र बरोबर दिसतात. आकडे बरोबर आणि नावं अगम्य, हीच इस्कीची खूण समजा. पॅकेजने स्वतः लिहिलेली फाईलच इथे कामाची, कारण प्रिंटरकडे जाणारी मराठी ठिपक्यांचं चित्र होऊन गेलेली असू शकते. ही फाईल नव्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर न्या. विंडोजला देवनागरी इस्की कोड पेज ५७००२ या क्रमांकाने ओळखता येतं. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञांच्या प्रोग्राममधून तो क्रमांक सांगून फाईल वाचायची आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड पद्धतीत, लिहायची, की नावं मंगल फॉन्टमध्ये वाचता येतात. पॉवरशेल जमणारा एखादा कॉलेजचा मुलगा हे सहज करून देईल. नावं युनिकोडमध्ये आली की हा हिशेब कायमचा वाचला, म्हणून हे काम टाळू नका.

श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमचे जुने फॉन्ट वापरून विंडोजमध्ये केलेल्या पट्टीचा प्रश्न वेगळा. तिला जेनेरिक टेक्स्ट ओन्लीवर अजिबात पाठवू नका, फॉन्ट गेला की उरतो तो निरर्थक रोमन मजकूर. पीडीएफ करा आणि पीडीएफच्या सेटिंगमध्ये फॉन्ट आत बसवण्याची खूण करा. मग ती कोणाच्याही मोबाइलवर बरोबर दिसते. त्यातून मराठी शोधता किंवा कॉपी करता येणार नाही, एवढी मर्यादा राहते.

राहिलेल्या छोट्या अडचणी

फाईल सापडत नाही: नाव विचारल्यावर नुसतं नाव टाइप केलं की फाईल प्रोग्रामच्या चालू फोल्डरमध्ये पडते. नेहमी ड्राइव्हपासून पूर्ण पत्ता आणि शेवटी डॉट पीआरएन लिहा. फाईलला नुसतं पीआरएन, कॉन किंवा एलपीटी१ हे नाव देऊ नका, ही नावं विंडोजने उपकरणांसाठी राखून ठेवली आहेत. मागे डॉट टीएक्सटी लावलं तरी चालत नाही.

लाईट गेल्यावर प्रिंट अडकली: रनमध्ये सर्व्हिसेस डॉट एमएससी उघडून प्रिंट स्पूलर (प्रिंट रांगेत लावणारी सेवा) थांबवा, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाईल काढा आणि स्पूलर परत चालू करा. मात्र प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्डमध्ये "छापलेली कागदपत्रं ठेवा" ही खूण केलेली असेल, तर याच फोल्डरमध्ये जुन्या पट्ट्यांच्या प्रिंट जपलेल्या असतात. तेव्हा आधी फोल्डरची नक्कल घ्या, मगच काढा.

विंडोज ९८ असेल तर साधा पेन ड्राइव्ह ड्रायव्हरशिवाय दिसत नाही. फ्लॉपी चालत असेल तर १.४४ एमबीत साध्या मजकुराच्या शेकडो पट्ट्या मावतात.

मशीनच गेलं तर

६४ बिटच्या विंडोजवर डॉसचं १६ बिट पॅकेज थेट चालतच नाही, कोणी काहीही सांगो. डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या साध्या आवृत्तीत ते सुरू होतं, पण त्यात प्रिंटरची सोय नाही, म्हणून पट्टी निघत नाही. त्याच्याच डॉसबॉक्स-एक्स या वाढीव रूपाच्या सेटिंग फाईलमध्ये पॅरलल हा भाग आहे, तिथे पॅरलल१ पुढे "फाईल" लिहिलं की एलपीटी१ ची प्रिंट फाईलमध्ये जाते. व्हीडॉस हा प्रोग्राम तर हिशेबाच्या पॅकेजांसाठीच बनवलेला आहे आणि तो एलपीटी१ ची प्रिंट आपण होऊन पकडतो. फॉक्सप्रोच्या पॅकेजसाठी मी आधी व्हीडॉस लावून बघायला सांगेन. पॅकेजचा पूर्ण फोल्डर, डीबीएफ फाईल (यांत हिशेबाच्या नोंदी असतात) आणि त्यांच्या इंडेक्ससकट, नव्या मशीनवर न्या. जुन्या मशीनवर आणि नव्या मशीनवर एकाच शेतकऱ्याची पट्टी फाईलमध्ये घ्या आणि कमांड प्रॉम्प्टवर एफसी आज्ञेने दोन्ही फाईल ताडून बघा. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम दोन्हीकडे तंतोतंत जुळेपर्यंत जुनं मशीन हलवू नका.